हिवराज, मी मूठ मिटली नाही

हिवराज,

परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत मला नेमकं तुझ्या फोटोसमोर बसवलं. फोटो फौजेतला, मिशा पीळदार, गाल भरलेले. मी वरणभात कालवत होतो आणि तू माझ्या हाताकडे बघत होतास. ‘मास्तर, ढिला धर, ढिला.’ मी काहीही हातात धरलं की तू हेच म्हणायचास, मग ती गोल्फची काठी असो की पाण्याचा गिलास.

जेवणं झाली आणि तुझ्या ओसरीवर खर्रा फिरायला लागला. तोंडाच्या रोगानं गेलेल्या माणसाच्या तेरवीला आलेली वीस-पंचवीस माणसं सुपारी-तंबाखू-चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून तळहातावर एकमेकांपुढे धरत होती. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एकानं माझ्यापुढेही हात केला. ‘घ्या नं मास्तर.’ मी उठलो आणि गोठ्यामागे गेलो. लोकांना वाटलं, मास्तर रडायला गेले. रडायला नाही रे, पळायला गेलो होतो.

तुला एकच विचारायचं आहे. तुझा सुटलेला खर्रा परत कधी लागला? जेठातल्या त्या सकाळी मी हात पुढे केला तेव्हापासून, की त्याआधीच तू कुठं चोरून सुरू केला होतास? आधीच केला असशील तर मी सुटलो. नसशील, तर पुढचं वाक्य मला पंधरा दिवसांपासून पुरं करता येत नाही. म्हणून लिहायला बसलो. तोंडानं सांगायला गेलो की मी गंमत करतो, हे तुला माहीत आहे. माझ्या फजितीचे किस्से सांगून मी अर्ध्या जिल्ह्याला हसवलंय. हा किस्सा अजून कोणालाच सांगितलेला नाही.

सुरुवात मात्र फजितीनंच करावी लागेल.

तू फौजेत गेलास, मी पीटीचा मास्तर झालो आणि कुडव्याला घर बांधून बसलो. बंदुकीपेक्षा जास्त वर्षं तू साहेब लोकांच्या गोल्फ मैदानावर ड्यूटी केलीस, आणि निवृत्त होऊन बिरसीला परतलास तो ट्रंकेबरोबर जुन्या काठ्यांची एक फाटकी बॅग घेऊन. गावाला वाटलं, हवालदारानं मासे धरायचं सामान आणलं. धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या तशी तू प्रत्येक बांधीत एक खड्डा खणलास, त्यात डबा पुरलास, शेजारी चिंधी बांधलेली काडी रोवलीस आणि मला फोन केलास. ‘मास्तर, स्कूटर काढ आन् ये. नऊ होलचं मैदान तयार आहे.’

मी आलो तो छाती काढून. पोरांना तीस वर्षं गोळाफेक शिकवलेला माणूस मी. सुपारीएवढा बॉल तो काय, आणि तोही बिचारा जागेवर स्थिर बसलेला! पहिले तीन फटके वाऱ्याला लागले. चौथा समोरच्या धुऱ्याच्या बांधाला लागला, तिथून उलटा फिरला आणि माझ्याच स्कूटरचा आरसा फोडून थांबला. दुसरा कोणी असता तर लोळून हसला असता. तू हसला नाहीस. काठी टेकून उभा राहिलास, माझ्या मनगटाकडे बघत.

‘मास्तर, तू लहानपनी धुरे काटत होता नं?’

‘होतो. बापानं दहाव्या वर्षी हातात फावडा देल्ला.’

‘मंग बराबर आहे. हा स्विंग नाई. हा फावडा होय.’

मला राग आला होता, पण तू अगदी खरं सांगितलं होतंस. फावडा डोक्यावर उचलायचा, उजव्या खांद्यानं जोर लावायचा, आणि बाहेरून आत, आपल्याच पायाकडे ओढून घ्यायचा. माती अशीच निघते. बॉल असा निघत नाही. तो कापला जातो आणि सरळ जायचं सोडून उजवीकडे वळत वळत तुझ्या बोडीत पडतो. ती बोडी तुझ्या आज्यानं बांधली तेव्हा तिचा असा उपयोग होईल असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. माझे इतके बॉल तिच्या तळाशी आहेत की मासोळ्या त्यांच्यावर अंडी उबवत असतील.

आणि वर लाज अशी, की शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवून मी पोरांना तीस वर्षं हेच सांगत आलो होतो: लहानपणी अंगाला वळण लावा, ते जन्मभर सोडत नाही. चांगल्या सवयीबद्दल सांगत होतो. वाईट सवयही तितकीच इमानी असते, हे सांगायचं राहून गेलं.

तू मात्र मास्तर निघालास, खरा मास्तर. बॉलच्या बाहेरच्या बाजूला तणसाची पेंडी ठेवलीस. काठी सरळ वाटेनं आली तर पेंडीला धक्का लागणार नाही, फावड्याच्या वाटेनं आली तर तणीस उडेल. तणीस उडालं. रोज उडालं. आठ दिवसांत तुझ्या गाईला कळलं की सकाळी मास्तर येतात तेव्हा बांधीत चारा पसरतो. ती दावं ओढून माझ्या मागे येऊन उभी राहायची. मग तू माझ्या उजव्या काखेत दुपट्टा धरायला लावलास. ‘दुपट्टा पडला नाई पाह्यजे. कोपर पोटाले चिकटून खाली येऊ दे. धीरे, मास्तर, धीरे. घाई कोनाची आहे?’ मी इतका सराव केला की भाचीच्या लग्नात अक्षता टाकतानाही कोपर पोटाला चिकटलेलं, आणि बायको कानात विचारते, ‘काख दुखते का जी?’

बॉल नसला की मी देखणा होतो. तू स्वतः म्हणायचास. रिकामी काठी फिरवताना कंबर आधी, खांदा मागून, सगळं साहेबासारखं. समोर बॉल ठेवला की दहा वर्षांचा पोरगा अंगात यायचा आणि धुरा काटायला धावायचा. वरून बिरसीच्या विमानतळावर शिकाऊ वैमानिकांची विमानं घिरट्या घालायची, टेकायची, पुन्हा उडायची. मी म्हणायचो, ‘ह्या आवाजानं माझं ध्यान जाते.’ तू म्हणायचास, ‘विमान येच्या पयलेच तुझा खांदा निंगाला होता. मी पाह्यलो.’

या सगळ्यावर आपलं एक भांडण कायम अर्धवट राहायचं. माझं म्हणणं, सवय मुळासकट उपटावी लागते. तू मान हलवायचास. ‘उपटून निंगत नाई गा. जुना बैल खुट्यावर राहूच दे. नवा जुंपत जाय. जुना हंबरन, हंबरू दे.’ मी म्हणायचो, हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान. तू गालातला खर्रा दुसऱ्या गालात सरकवायचास आणि पिंक टाकून म्हणायचास, ‘असन.’

तुझ्या गालाबद्दल पहिल्यांदा बोलली ती वयनी. परवाच्या साली धान निघत होता, मी ओसरीत बसलो होतो, तू बाहेर होतास. ती म्हणाली, ‘मास्तर, त्याईचं तोंड दोन बोटंच उघडते आता. भाकर मोडून मोडून घालतेत. डॉक्टरनं सांगतलं, खर्रा सोडा आन् सा-सा महिन्यानं तोंड दाखवाले या. माहं आयकत नाई. तुमचं आयकतीन.’

तुझी बायको आयुष्यात कधी माझ्याकडे काही मागायला आली नव्हती. मी फुशारून गेलो. तू आत आलास आणि मी तीस वर्षांचा सगळा आवाज काढून तुला झापलं. सवय म्हणजे काय, मनाचा निश्चय म्हणजे काय, एका क्षणात सोडता येते वगैरे. तू शांतपणे ऐकलंस. मग म्हणालास, ‘येका क्षनात?’

‘येका क्षनात!’

‘ठीक आहे. तू फावडा सोड, मी खर्रा सोडतो. ज्याचं सुटलं नाई त्यानं दुसऱ्याले तोंडावर सांगाचं. लपवाचं नाई.’

मी हात दिला. तो देताना मला वाटलं, कमी कष्टाची बाजू माझ्या वाट्याला आली. एका खेळातला एक खांदा, आणि तिकडे चाळीस वर्षांचं व्यसन. हिवराज, मी मनातल्या मनात हसलोसुद्धा होतो.

तू त्याच दिवशी सोडलास. खिशातली पन्नी चुलीत टाकलीस. पहिले पंधरा दिवस तू बघवत नव्हतास. अंगाला घाम, डोक्यात ठणका, वयनीवर ओरडायचास, गाईवर ओरडायचास, मग गोठ्यात जाऊन गाईची माफी मागायचास. वयनीची नाही. खिशात भाजलेला जवस ठेवायला लागलास. पण मला आठवतो तो तुझा अंगठा. बोलता बोलता तुझा डावा तळहात उघडायचा आणि उजवा अंगठा त्याच्यावर घोटत राहायचा, गोल गोल, रिकाम्या हातावर. लक्षात आलं की तू ओशाळून हात पाठीमागे न्यायचास, फौजेत उभं राहतात तसा. मी एकदा त्याची थट्टा केली. ‘काय घोटून राह्यला, हवालदार? हवा?’ तू हसलास. आता वाटतं, ती थट्टा करायला नको होती.

तीन महिन्यांनी तुझं तोंड अडीच बोटं उघडलं. तू मला बांधीत थांबवून दाखवलंस, अर्धं बोट मोजून, जसं पोरगं पहिला पडलेला दात दाखवतं. आणि विचारलंस, ‘तुझा फावडा?’

तुला काय सांगू! त्या तीन महिन्यांत माझं वाटोळं झालं होतं. जुना हात धड राहिला नव्हता, नवा आलेला नव्हता. आधी बॉल निदान बोडीपर्यंत तरी जायचा. आता ढेकळं उडायची आणि बॉल जागच्या जागी. माझ्या सासूबाई म्हणाल्या असत्या, धोब्याचा कुत्रा, ना घरचा ना घाटाचा. तीस वर्षं लोकांना शिकवलेल्या माणसाला रोज सकाळी सात वाजता आपण काही शिकू शकत नाही हे बघणं कसं वाटतं, ते मी तुला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. करारच तो होता. मी मात्र उपाय काढला.

उपाय सोपा होता. बॉल उजवीकडे वळतो ना, मग उभंच डावीकडे तोंड करून राहायचं. पाय धुऱ्याकडे, नजर धुऱ्याकडे. फावडा मारायचा तसा मारायचा. बॉल डावीकडे निघतो आणि वळत वळत बरोबर चिंधीच्या काडीपाशी येऊन पडतो. कुडव्याच्या मागच्या मोकळ्या जागेत मी याचा गुपचूप महिनाभर सराव केला. बिचारा खरा स्विंग शिकायला मी इतके कष्ट कधी घेतले नव्हते.

तू पुढच्या बांधीत बॉल पडताना बघायला उभा राहायचास. तिथून माझे पाय दिसत नव्हते, बॉल तेवढा दिसायचा. पहिल्यांदा तो काडीपाशी पडला तेव्हा तू दोन्ही हात वर करून नाचलास. बासष्ट वर्षांचा माणूस, धसकटांत नाचतोय. संध्याकाळी पानठेल्यावर तू सगळ्यांना सांगितलंस, ‘मास्तरचा फावडा सुटला! पन्नास वर्षांचा! मंग माहा काऊन नाई सुटनार?’ आणि ठेलेवाल्यानं पुढे केलेला खर्रा तू हातानं मागे सारलास. मी तिथंच उभा होतो. चहा पीत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. ‘हिवराज, थांब, खोटं आहे’, एवढे चार शब्द. मी म्हणालो, ‘आणखी येक चहा सांग.’

माझ्या खोट्यावर तू तीन महिने उभा होतास. सात महिने झाले, खर्रा नाही.

मग जेठ लागायच्या सुमाराला तुझ्या डोक्यात आलं की माझा स्विंग मोबाईलवर टिपायचा आणि तुझ्या जुन्या साहेबाला पाठवायचा. मला न सांगता तू मागून आलास. मी मारला, बॉल सुंदर पडला, मी वळलो तर तू मोबाईलमध्ये डोळे घालून उभा. तू तो तुकडा हळूहळू चालवून बघितलास. पुन्हा बघितलास.

‘मास्तर. हा तं थोच होय.’

‘थोच म्हंजे?’

‘फावडा. तू नुसते पाय फिरवले.’

मी हसून न्यायला बघितलं. ‘बॉल तं काडीपाशी गेला नं? पिकलं का नाई ते पाहा, फावडा कोनता होता ते कायले?’

तुझा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ‘कधीपासून?’

मी सांगितलं. तू मोबाईल खिशात ठेवलास. ‘मी रोज मरून राह्यलो गा. रोज. सकाळी उठतो तं पयला इचार थोच. मंग म्हनतो, मास्तरचा सुटला नं, तं माहाही सुटन. आन् तू मले फसवून राह्यला.’

आणि मग मी ते बोललो. ‘हिवराज, खेळ होय हा! माहा खांदा आन् तुझा रोग येकच झाले का?’

तू काठ्या उचलल्यास, बॅग खांद्याला लावलीस आणि धुऱ्याधुऱ्यानं चालत गेलास. माझा बॉल काडीपाशी तसाच पडून होता.

चार दिवस तू फोन उचलला नाहीस. पाचव्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. माफी मागायची हे ठरलेलं होतं, पण कशी मागायची हे मला येत नव्हतं. आपल्याकडे माफी शब्दानं मागतच नाहीत. तू आणि मी मिसरूड फुटल्यापासून किती वेळा भांडलो असू, आणि प्रत्येक भांडण एकाच रीतीनं मिटलंय. ज्याची चूक त्यानं खर्रा घोटायचा आणि हात पुढे करायचा. समोरच्यानं चिमूट उचलली की संपलं. नाही उचलली तर वैर. आपल्या गावात दोन भाऊ वीस वर्षं बोलत नाहीत, का, तर एकानं उचलली नाही.

मी ठेल्यावर थांबलो. दर भांडणानंतर करायचो तशी हातानं खूण केली. एक पुडी घेतली. हिवराज, मी शपथेवर सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात करार नव्हता, डॉक्टर नव्हता, वयनी नव्हती. डोक्यात एकच होतं, भांडण मिटवायचं. हात आपोआप चालला. इतकी वर्षं ज्या आपोआप चालणाऱ्या हातावर मी भाषणं दिली, तोच हात.

तू बांधीत धुऱ्यावर बसला होतास. मी शेजारी बसलो. पन्नी घोटली, तळहातावर काढलं आणि पुढे केलं.

तू माझ्या हाताकडे बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. तुझा अंगठा तुझ्या तळहातावर फिरत होता.

आणि हेच मला कोणाला सांगता आलं नाही. तुझी दोन बोटं माझ्या हाताकडे यायला लागली तेव्हा मला कळलं होतं. बोटं अजून वीतभर लांब होती आणि मला लख्ख कळलं होतं की हे काय होतंय. मूठ मिटायला किती वेळ लागतो? मी पीटीचा मास्तर. लहानसहान हालचालीला किती वेळ लागतो हे मला सेकंदात सांगता येतं. मी मूठ मिटली नाही. कारण तू उचलणार होतास, म्हणजे तू मला माफ करणार होतास, आणि मला ते हवं होतं. तुझ्या तोंडापेक्षा जास्त हवं होतं.

तू चिमूट गालात ठेवलीस आणि म्हणालास, ‘झालं गा. लाव बॉल.’

आपण खेळलो. मी त्या दिवशी पाय सरळ ठेवून मारला, आणि सगळे बॉल बोडीत गेले. तू प्रत्येक वेळी ‘शाबास’ म्हणालास.

त्यानंतर तुझा गाल कधी कधी फुगलेला दिसायचा. मी विचारलं तर म्हणायचास, ‘जवस होय.’ मी मान डोलवायचो. जवसाला चुन्याचा वास येत नाही, हे न कळायला मी काही लहान नाही. आषाढात तुझी तोंड दाखवायची तारीख होती. तू गेला नाहीस आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कारण निघालं असतं, कारणाच्या टोकाला माझा तळहात निघाला असता. दिवाळीत फोड दिसला. पण तोपर्यंत तो नुसता फोड राहिला नव्हता.

नागपूरच्या दवाखान्यात तुझं अर्धं तोंड पट्टीत बांधलेलं होतं. मी आलो की तू डोळ्यांनी म्हणायचास, सांग काहीतरी. मी आरशाचा किस्सा सांगितला, गाईचा सांगितला, काखेचा सांगितला. तू हसायला लागलास, टाके ताणले गेले, डोळ्यांत पाणी आलं, आणि वयनीनं मला बाहेर काढलं. ‘तुमाले काई कळते का नाई जी?’ मी बाहेरच्या बाकावर बसून ठरवलं, आता आत जाऊन विचारायचं. पण बोलू न शकणाऱ्या माणसाला कबुली देण्यात मला सोय दिसायला लागली होती, आणि ती सोय दिसली म्हणून मी दिली नाही. हे मी स्वतःला असं सांगितलं. खरं म्हणजे भ्यालो. शेवटच्या वेळी आलो तेव्हा तू माझा हात हातात घेतलास आणि माझी बोटं एकेक करून सैल केलीस.

आता हेही लिहिलं पाहिजे की डॉक्टर म्हणाले, हे चाळीस वर्षांचं काम, एका पुडीचं नव्हे. बरोबर असेल. आणि हेही, की तू परत आलास म्हणून निवृत्तीनंतरची माझी सहा वर्षं पलंगावर लोळण्यात गेली नाहीत. दवानं भिजलेली बांधी, डाव्या हातातला चहा, उजव्या हातातली काठी, आणि कोणीतरी माझ्यासारख्या म्हाताऱ्याला शिकवण्याजोगा समजतंय. माझं सगळं आयुष्य दुसऱ्याला शिकवण्यात गेलं. मला शिकवायला बसलेला तू एकटाच. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आपल्याकडे तेही शब्दानं मानत नाहीत.

एवढं काल लिहून ठेवलं होतं. आज दुपारी तुझ्या घरी गेलो.

वयनी अंगणात सूप घेऊन बसली होती. नव्या लाखोरीचे दाणे पाखडत होती. तुझ्याच बांधीतली. मी खाली बसलो.

‘वयनी, येक सांगाचं आहे.’

‘सांगा.’

मी सांगितलं. पायाचं सांगितलं, मोबाईलचं, ठेल्यावरचं, आणि हाताचं. मध्ये दोनदा गंमत सुचली, दोनदा गिळली. तिनं मान वर केली नाही. सूप चालू होतं.

‘मले म्हाईत आहे,’ ती म्हणाली.

‘कोनं सांगतलं?’

‘त्याईनंच. त्याच दिवशी. घरी आले, चूळ भरली आन् सांगतलं. म्हने, मास्तरनं हात पुढं केला, नाई कसं म्हनू? मी भांडली. दोन दिवस जेवली नाई. म्हने, थे येकच होती, आता नाई. आठ दिवसानं सदऱ्याच्या खिशात पन्नी भेटली.’

‘त्याच्या पयले?’

तिनं सूप मांडीवर ठेवलं. मला वाटलं, आता ती खोटं बोलेल, बिचाऱ्या म्हाताऱ्यासाठी एवढं करेल. निदान ‘म्हाईत नाई’ म्हणेल.

‘त्याच्या पयले नाई,’ ती म्हणाली. ‘सात महिने मी रोज खिसे पाह्यले. काईच नोहतं.’

अंगणात गाय उभी होती. तिच्याकडेच बघत राहिलो मी, दुसरीकडे कुठं बघणार.

‘तोंड दाखवाले चला म्हटलं तं म्हने, डॉक्टरले दिसन. आन् मले शपथ घातली, मास्तरले सांगू नोको. थो खेळनं सोडन, मंग मी सकाळी कोनासंग जाऊ?’ तिनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. ‘आज मी शपथ मोडली. तुमी इचारलं मून.’

मी म्हटलं, ‘वयनी, मले माफ...’

‘नोका.’ आता तिनं वर पाहिलं. डोळे कोरडे होते, आवाजही. ‘थे नोका मांगू. अजून मी त्याईलेच माफ केली नाई. तुमचा नंबर मांगं आहे.’

‘थांबतो,’ मी म्हटलं.

‘थांबा,’ ती म्हणाली, आणि सूप पुन्हा हातात घेतलं.